पाट मागितला होता तो लाकडाचा

आलापल्ली,
वैशाख वद्य, सन १९५७

सोयरे रामाजीभाऊ यांना गुणवंताचा दोन्ही हात जोडून रामराम.

तुमचा गुडघा आता कसा आहे? डोंगा उन्हाने तडकू नये म्हणून या दिवसांत तुम्ही तो दगड भरून पाण्यात बुडवून ठेवता, तसा ठेवलाच असेल. आशाबाईंचा खोकला गेला का? (गेल्या खेपेस त्यांच्यासाठी ज्येष्ठमध पाठवतो म्हणालो होतो आणि पाठवला नाही. डोमाच्या गाडीत ठेवायचा राहून गेला, आणि राहून गेला हे आठवल्यावरही मी काही केले नाही. तेव्हा ‘विसरलो’ असे म्हणणे पुरते खरे होणार नाही.) यापुढे ‘इकडील सर्व क्षेम’ असे लिहायची रीत आहे. मी ते लिहिले, खोटे वाटले म्हणून खोडले, अगदीच खोटे नाही असे वाटून पुन्हा लिहिले आणि परत खोडले. वर दिसतो तो काळा डाग त्याचा. शाई सांडलेली नाही.

मुद्द्याचे आधी लिहितो. तुमचा पुतण्या जंगू आंदणाची भांडी न्यायला इथे येऊन गेला. त्याच्याकडून कळले की मैनाचा पाट ठरला; ज्येष्ठात, पाऊस लागायच्या आत; नवरा नदीपलीकडचा, बायको वारलेला, घरच्या होड्या असलेला; आणि माझ्या भावाला सोडून तिने हे दुसरे घर करावे असे मुळात आम्हीच सुचवले म्हणून तुम्ही सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत आमच्या मोठ्या मनाची तारीफ करता आहात. रामाजीभाऊ, मी पाट मागितला होता तो लाकडाचा. बसायचा पाट. मैना-मनसारामच्या लग्नात तुमच्या मांडवात तुमच्या आजोबांच्या वेळचे शिवणीच्या लाकडाचे दोन रुंद पाट होते, त्यांतला एक. त्याचे मला वाद्य करायचे होते. हे ऐकून जंगू उंबऱ्यावर बसून इतका हसला की त्याला पाणी द्यावे लागले. मग भिंतीकडे तोंड करून पडलेल्या मनसारामकडे त्याची नजर गेली आणि त्याने हातातला लोटा खाली ठेवला. हसण्यासारखा प्रकार आहे, हे मी मान्य करतो. पण ज्येष्ठ दूर नाही. तो पाट थांबवावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. शब्द इतका वाकडा कसा गेला ते सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय तुमचा विश्वास बसणार नाही (माझाही बसत नाही), म्हणून जरा लांबण लागेल.

मनसारामच्या डाव्या हाताची तीन बोटे आरागिरणीत गेली हे तुम्हाला माहीत आहे. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट राहिले. दंडारीच्या खेळात त्याचे व्हायोलिन ऐकूनच तुम्ही त्याला जावई केलात. ते वाजवायला डाव्या हाताची सगळी बोटे लागतात. दवाखान्यातून घरी आल्यावर त्याने व्हायोलिन स्वतःच लटारूभाऊच्या दंडारीला देऊन टाकले, आणि संक्रांत झाल्यावर मैनाला म्हणाला, “जाय माहेरी. माह्या हाताचा तुले काय उपेग?” ती गेली नाही. मग तो तिच्या हातचे जेवेना. मग ती गेली. हे सगळे तुम्हाला तिच्याकडून कळलेच असेल, पण ती गेल्यानंतरचे कळलेले नाही. ती गेल्यावर तो बोलायचाच थांबला. आई हाक मारते, तो ‘हूं’ करतो. आणि हळूहळू त्या ‘हूं’मधलाही आवाज जाऊन नुसता श्वास राहिला.

तो दवाखान्यात होता तेव्हा तिथला कंपाउंडर संध्याकाळी व्हरांड्यात एक वाद्य मांडीवर आडवे घेऊन वाजवी. गिटार. नागपूर रेडिओवर लागते ती. त्यात डाव्या हाताची बोटे तारांवर दाबायचीच नसतात! लोखंडाची एक कांडी हातात धरून ती तारांवरून नुसती सरकवायची. उजव्या हाताने छेडायचे. ते पाहून मी खाटेजवळून उठून उभा राहिलो. अंगठा आणि एक बोट यांना कांडी धरता येते. मी कंपाउंडरला त्या वाद्यावर टिचक्या मारू देण्याची विनंती केली. त्याने मारू दिल्या, पण विकायला तो तयार नव्हता, आणि ते योग्यच होते. नागपूरहून मागवता आले असते. मागवले का नाही, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी स्वतःला असे सांगितले की आशियातला उत्तम साग ज्या डेपोत पडतो तिथल्या माणसाने नागपूरहून लाकडी पेटी मागवावी हे लाजिरवाणे आहे. खरे कारण बहुधा निराळे होते. उभे आयुष्य मी लाकूड मोजले, त्यावर घण मारून शिक्के उठवले, आणि लाकडाचा एक पोळपाटही कधी केला नाही. भावाच्या दुःखात मला माझी हौस दिसली असेल. (‘असेल’ काढावा की ठेवावा, ठरत नाही. ठेवतो.)

पहिली गिटार आम्ही, म्हणजे मी आणि नथ्थू सुताराने, सागाची केली. आमच्याकडे चांगले लाकूड म्हणजे काय, तर जे हलत नाही, वाकत नाही, कुजत नाही, उधईला दात लावू देत नाही. नथ्थूने जन्मभर बैलगाड्या आणि दारे केली. त्याने अंगठ्याइतक्या जाडीच्या फळ्या घेतल्या, कोपऱ्यांत खिळे न मारता खाचा घालून त्या एकमेकींत अशा बसवल्या की सुरी शिरू नये, आणि मानेला धावड्याचे लाकूड लावले, ज्याचा गाडीला आख करतात. मान लागेपर्यंत शेजारची अन्नपूर्णा येऊन त्यात तांदूळ किती मावतील ते विचारून गेली. शेवटी आतून डांबर फासायची कल्पना माझी. उधईपासून जन्माची निश्चिंती व्हावी म्हणून मी भोकातून हात घालून, कोपरापर्यंत काळा होत, एकही जागा न सोडता डांबर फासले. वस्तू पुरी झाल्यावर नथ्थूने ती अंगणात पालथी घातली आणि चार माणसांदेखत तिच्यावर चढून उभा राहिला. “पाहा बाबू! हत्ती बसला तरी मोडाची नाई!” लोकांनी वाहवा केली. मीही केली. मग तारा चढवून मी छेडल्या. ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा आवाज आला, आणि तोही फक्त मला, कारण माझा कान लाकडाला लागला होता. मान इतकी जड की वाद्य मांडीवरून पुढे कोसळे. आई म्हणाली, “काऊन रे गुणवंता, वाजवाची हाय का याच्यात कोनाले पुराची हाय?” मनसाराम भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याने मान वळवली नाही.

मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकलो. तरीही एक साधी गोष्ट मला डांबर वाळेपर्यंत सुचली नाही. तारेचा जोर तो किती? डासाच्या पंखाएवढा. तो जोर तारांखालच्या लाकडी घोडीवरून खालच्या फळीत उतरतो. फळी हलली तर हवा हलते, हवा हलली तर कानाला कळते. जी फळी हत्तीला दाद देत नाही ती डासाला कशी देईल? म्हणजे आम्हाला लाकूड हवे होते ते आमच्या सगळ्या डेपोच्या शहाणपणाच्या उलट: हलके, पातळ, लगेच थरथरणारे. इथल्या ढोलाला शिवण वापरतात हे लहानपणापासून पाहत होतो. मी शिवणीचा ताजा ओंडका मिळवला. नथ्थूने उभ्या रेषांची, भाकरीपेक्षा पातळ फळी काढली. काढताना तो इतका नाराज होता की सारखा म्हणे, “बाबू, हे काम माह्या नावानं नको सांगजा.” घोडीखाली आधाराला आडव्या पट्ट्या घालाव्या लागतात हे कंपाउंडरच्या वाद्यात मी चाचपून पाहिले होते, पण पहिल्या वेळच्या मजबुतीची मला इतकी धास्ती बसली होती की मी एकही पट्टी घालू दिली नाही. चूक सुधारताना माणूस दुसऱ्या टोकाला जाऊन पडतो, हे मी इतरांना नेहमी सांगत असतो.

आणि ती वाजली, रामाजीभाऊ. तारेला बोट लागताच घरभर झाली. चुलीवरची झाकणी खणखणली. आई पदर सावरून उभी राहिली, जशी कुणी परका माणूस घरात आल्यावर राहते. आणि मनसारामने मान वळवली. त्याने पाहिले. भिंत सोडून तो त्या पेटीकडे पाहत राहिला, संध्याकाळपर्यंत. त्या रात्री तो पोटभर जेवला. (मी रोजनिशीत ‘आज मनसाराम बरा झाला’ असे लिहिले. शाई वाळायच्या आत लिहिलेली अशी वाक्ये माझ्या रोजनिशीत फार आहेत.)

आपल्या चांद्याचे ऊन तुम्हाला सांगायला नको. ओले लाकूड, पातळ फळी, खाली आधार नाही आणि वरून तारांची ओढ. दोन-चार दिवसांत वाद्याचे पोट, म्हणजे ती पातळ फळी, फुगू लागले. मी ते ओल्या फडक्याने झाकले, सावलीत नेले, माठाजवळ ठेवले. एका भर दुपारी बंदुकीसारखा बार झाला. पोट रेषेरेषेने या टोकापासून त्या टोकापर्यंत उभे फाटले आणि घोडी उडून माझ्या चष्म्यावर बसली. काच फुटली, डोळा वाचला. मी चष्म्याचे तुकडे गोळा करत होतो. ते करत असताना मनसारामने पुन्हा भिंतीकडे तोंड केले हे मी पाहिले होते. पाहिले, आणि तुकडे गोळा करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे तो अंथरुणात नव्हता. गावामागच्या बोडीत सापडला. वैशाख तोंडावर, बोडीत पाणी गुडघाभर आणि खाली मांडीभर गाळ. बुडायला गेलेला माणूस गाळात रुतून उभा होता. त्याला ना पुढे जाता येत होते ना मागे, आणि तो हाकही मारत नव्हता. गुरे पाजायला आलेल्या बुधरीने पाहिले नसते तर ऊन चढल्यावर काय झाले असते ते मी लिहीत नाही. त्याला बाहेर ओढायला दोर लावावा लागला. काठावर बसवल्यावर तो म्हणाला, “मासोऱ्या पाहाले गेल्तो.” कित्येक आठवड्यांतले पहिले वाक्य, आणि तेही खोटे. आईने त्याच्या पायांचा गाळ धूत धूत त्याला शिव्या घातल्या, “बुडाले पानी नाई अन् गेला बुडाले! येवडी अक्कल नाई तुले? आषाढापर्यंत थांबाले का झालं होतं?” असे म्हणता म्हणता आपण काय बोललो ते तिचे तिलाच कळले आणि ती तिथेच चिखलात बसली. आम्ही हसलोही, रामाजीभाऊ. मी, आई, बुधरी, तिघे. कसे हसलो ते कळत नाही. मनसाराम हसला नाही.

माझ्या गिटारीने त्याला बोडीत नेले का, हा प्रश्न मी स्वतःला विचारतो. ती न वाजती तर तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला असता, पण पडून तरी राहिला असता. वळून पाहायला लावून मग फुटणे हे मुळातच न वाजण्यापेक्षा वाईट. एवढे कळल्यावर शहाण्या माणसाने लाकडाला हात लावायचे सोडले असते. मला वाटले, आता सोडले तर शेवटचा आवाज तो फाटल्याचाच राहील.

म्हणून जुने, मुरलेले, कितीतरी उन्हाळे खाऊन न तडकलेले शिवणीचे लाकूड हवे होते, आणि मला तुमचे पाट आठवले. लग्नात एक पाट कुणाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि घंटेसारखा वाजला होता. सगळे दचकले होते, मैनाने डोक्यावरचा पदर सावरत मनसारामकडे पाहिले होते. डोमा मिरची भरायला गाडी घेऊन तुमच्या सिरोंच्याला निघाला होता. त्याच्या गाडीच्या चाकाजवळ उभा राहून मी जे सांगितले ते शब्दशः असे: “रामाजीभाऊले सांग, मनसारामसाठी केलं होतं ते फुटलं. आता मैनाच्या लग्नातला पाट लागते. जुनाच पायजे, वाळलेला. नवा चालत नाई. उन्हाळा सराच्या आत झालं तर बरं.” डोमा बैलांना हाकता हाकता ‘हो’ म्हणाला. जंगू म्हणतो की तुमच्या ओसरीवर पोचेपर्यंत त्याचे झाले होते: “बाबू म्हणे, मनसारामचं फुटलं. मैनाचा पाट लावा. जुनाच पायजे, वाळलेला असला तरी चालते. पण उन्हाळ्यात उरकून टाका.” डोमाचा दोष नाही, मिरचीची पोती मोजताना याहून लांब निरोप कुणाच्या डोक्यात राहत नाही. आणि तुम्हीही निरोपाबरहुकूम वागलात. नवरा वयाने इतका जास्त का पाहिला, असे मी जंगूला विचारले. तो म्हणाला, “तुमीच तं सांगतलं, जुना पायजे म्हून! काकानं दोन तरणे पोरं परत धाडले.” वाळलेला आहे का, असे मी विचारले. तो म्हणाला, “खारवलेल्या मासोरीवानी.”

इकडे मी रोज डोमाची वाट पाहत होतो. डोमा मिरची घेऊन आला. पाट कुठे, विचारले, तर म्हणाला, “ठरवून राह्यले.” मला वाटले, दोन पाटांपैकी कोणता द्यायचा ते ठरवत असतील. घरची जुनी वस्तू, वेळ लागणारच. तोवर थांबवेना म्हणून मी लटारूभाऊकडे गेलो. त्याच्या दंडारीतला रावण तुम्ही पाहिला आहे. त्याची नऊ जास्तीची डोकी ज्या लांब फळीवर कोरली आहेत ती शिवणीची, आणि ती दंडारीचे दिवस सोडून सारे वर्ष चुलीच्या धुरात टांगलेली असते. मागायला माझी जीभ रेटत नव्हती. लटारूभाऊने ऐकून घेतले, चिलीम भरली, ओढली आणि म्हणाला, “रावनाले एका डोक्याचा करतं का गा बाबू?” मग आपणच आकड्यावरून फळी उतरवली. “ने. एका बाजूचे डोके ने. मनसाराम वाजवन तं ते तुह्ये. नाई वाजवन तं माह्ये मले परत आणून दे.” नथ्थूने तिच्यावर करवत चालवण्याआधी नारळ फोडला, आणि तरी डोळ्यांवरून करवत नेली नाही. रंग खरवडला, मिशीचे एक टोक तेवढे आतल्या बाजूला राहू दिले, कारण आणखी खरवडले असते तर फळी हवी त्याहून पातळ झाली असती. या खेपेस पोटाखाली बांबूच्या बारीक कामट्या पंख्यासारख्या पसरून सरसाने चिकटवल्या, हलक्या आणि ताठ. एक बसवायची, टिचकी मारून ऐकायचे, मग दुसरी. पाठीला पहिल्या गिटारीतलाच साग घेतला, डांबर काढून, रंधून रंधून निम्मा करून. म्हणजे पोट शिवणीचे, पाठ सागाची. पोट हलते, पाठ हलत नाही, आणि पोटाने काढलेला आवाज पाठ धरून पुढे ढकलते. सगळेच मऊ असून चालत नाही आणि सगळेच कठीण असून चालत नाही, एवढा उलगडा व्हायला एक चष्मा आणि एक बोडी लागली. ती चांगली वाजते.

मनसारामने तिच्याकडे पाहिले नाही. मी ती त्याच्या उशाशी ठेवली, गाडीच्या चाकाला लावायची लोखंडी कांडी घासून चकचकीत करून शेजारी ठेवली. दिवस गेले. कांडीवर गंज चढला, मी तो घासला, पुन्हा चढला. लटारूभाऊला डोकी परत न्यायचा दिवस मी मनात ठरवत होतो. अशात जंगू आला.

रीतीप्रमाणे आंदणाचे एकेक भांडे त्याने आमच्या ओसरीवर मांडले: कोपर, गुंड, परात, पितळी खलबत्ता. आईने सगळे घासून दिले. खल निघाला, बत्ता सापडेना. आईने चूल पाहिली, कोनाडे पाहिले, जंगूने धान्याच्या कणगीत हात घातला. तेव्हा मनसाराम उठून बसला. अंथरुणाखालून त्याने बत्ता काढला आणि डाव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात धरला. बत्ता मधोमध बारीक असतो; तो त्या दोघांत असा बसला की सोडवायला दोन माणसे लागली असती. माझी लोखंडी कांडी सगळीकडे सारखी जाड आणि गुळगुळीत, ती त्याच्याने धरवतच नव्हती. हे मला कुणी सांगितले नाही आणि मला सुचले नाही. बत्त्याची एक बाजू तारांनी घासून सोन्यासारखी झाली होती. आम्ही डेपोत आणि शेतात गेलो की तो वाजवत असला पाहिजे. किती दिवसांपासून, ते मी विचारलेले नाही. जंगूकडे न पाहता तो म्हणाला, “खल न्या. बत्ता नाई देत.”

जंगू म्हणाला, “भाऊ, बत्त्याबिगर खल नेऊन मी का करू? काका मले जिता ठेवन का?”

मनसाराम म्हणाला, “तुह्या काकाले सांग, चटनी हातानं रगड.”

मैना गेल्यापासूनचे त्याचे हे पहिले खरे बोलणे आहे, आणि ते व्याह्यांच्या चटणीविषयी आहे याबद्दल मी तुमची माफी मागतो. जंगू खल घेऊन गेला. हे पत्र मी टपालाने धाडतो आहे.

तेव्हा रामाजीभाऊ, विनंती एवढीच की पाट मोडावा. नवरदेवाला माझा निरोप सांगा की दोष भाषेचा आहे. घरातल्या थोरांच्या पाया पडतो, लेकरांच्या डोक्यावर हात ठेवतो, आणि नदी आटण्याआधी जाळे भरून निघो.

तुमचा सोयरा,
गुणवंत

ता. क. वर ‘ती चांगली वाजते’ असे लिहिले आहे. पुन्हा वाचून पाहता ते टिकत नाही. मधल्या तारा बऱ्या आहेत. जाड तार मडक्यात तोंड घालून कुणी कण्हावे तशी बोलते. काल मी आणि आई परसात असताना मनसारामने आतून वाजवली. गाणे नव्हते. खालून वर आणि वरून खाली नुसता सरकत होता. आई म्हणाली, “मांजर रडून राह्यली का?” मग ओळखून तिने हातातला झाडू खाली ठेवला. आणि तो बरा झाला असे माझ्या लिहिण्यावरून कुठे वाटत असेल तर तेवढे खोडावे. तो एकच वेळ जेवतो. आम्ही त्याला अजून एकटे बोडीकडे जाऊ देत नाही, आणि आषाढ यायचा आहे. अशा घरी मुलगी परत धाडताना हे तुमच्यापासून झाकलेले असू नये.

आणखी एक. पाट मोडा असे मी ठासून लिहिले. आता वाटते, तो माझा अधिकार नाही. मी लाकूड मागितले, तुम्ही नवरा पाहिलात. चूक दोघांची निराळी, पण एका बाबतीत आपण दोघे सारखेच. पाट हवा की नको हे जिला विचारायचे तिला मीही विचारले नाही, तुम्हीही विचारले नाही. ती ‘हवा’ म्हणाली तर मी स्वतः मनसारामला घेऊन सिरोंच्याला येईन, पंचांसमोर रीतसर काडीमोड करून देईन आणि जेवून परत येईन.

मैना, तुझ्या बाबांना अक्षर येत नाही. तुमच्या घरी आलेले पत्र वाचणारी तू एकटीच आहेस, हे ‘सोयरे रामाजीभाऊ’ लिहितानाच मला माहीत होते. एकाच्या नावाने लिहून दुसरीशी बोलणे हे सरळ आहे का, ते मला ठरवता आले नाही. बोडीच्या जागी तू मोठ्याने वाचायची थांबली असशील. तसे असेल तर ती जागा गाळून पुढे वाच, किंवा वाच, तुझ्यावर आहे. पण तुला एक सांगितले पाहिजे. बोडीचे तुला कळू नये, म्हणूनच मी तेव्हा पाटासाठी पत्र लिहिले नाही. दोन ओळी लिहिल्या असत्या तर तू बाबांना ‘बसायचा पाट’ असे नीट वाचून दाखवले असतेस. तुझ्यापासून लपवायचे म्हणून डोमाच्या तोंडी निरोप धाडला, आणि त्या निरोपाने तुझे दुसरे लग्न ठरवले. यापुढे तुला कळू नये असे मी काही करणार नाही. त्याची तब्येत बरी असो की वाईट, जी असेल ती तुलाच लिहीन, तू तिकडे राहिलीस तरी.

पाकीट बंद करताना मनसारामला विचारले, तुझे काही लिहू का. ‘नाई’ म्हणाला. मी डिंक लावला. मग तो आतून बोलला. म्हणून पाकीट फाडून हे लिहितो आहे. त्याचेच शब्द:

“लिव. बत्ता पायजे असन तं तिनं सोता येऊन मागाव. जंगूच्या हाती देत नाई.”